बंद न केलेली तक्रार

थोरलीचं काम ऐकण्याचं होतं. निरनिराळ्या दवाखान्यांतले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की एका छोट्या यंत्रात बोलून ठेवत. कुणाला काय होतंय, तपासणीत काय सापडलं, कुठली गोळी बंद करून कुठली चालू करायची, असं सगळं. ते बोलणं ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर जमा व्हायचं आणि थोरली कानाला हेडफोन लावून ते टाइप करायची. बारा वर्षं ती हेच करत होती. एक डॉक्टर तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, दुसऱ्यांचं बोलणं म्हणजे नुसती धावपळ, आणि एक डॉक्टरीणबाई तर वाक्य अर्धवट टाकून दारात आलेल्या कुणाशी तरी भांडून घ्यायच्या आणि मग उरलेलं वाक्य पुरं करायच्या. थोरली भांडण वगळून वाक्य जोडायची. एकदाही चुकली नव्हती.

दीड वर्षापूर्वी तिच्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, झटका आला. आप्पा ड्राफ्ट्समन. उभा जन्म इमारतींचे आराखडे काढण्यात गेलेला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. अगदी गेलं असंही नाही. डोक्यात सगळं लख्ख असायचं, पण शब्द तोंडापर्यंत येईतो वाटेत बदलून जायचा. पाणी हवं असलं की ते ‘खिडकी’ म्हणायचे, आणि चुकलं हे कळून स्वतःच डाव्या हाताने कपाळ बडवायचे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, धाकटी लग्न होऊन लांब गेली होती. थोरलीने ऑफिसात अर्ज केला आणि घरून काम करायची परवानगी मिळवली. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत आप्पांची खाट, बाहेरच्या खोलीत तिचं टेबल. मधलं दार सदा उघडं.

घरून काम करायचं तर व्हीपीएन लागायचं. रुग्णांची माहिती उघड्यावरून न्यायची नाही म्हणून घरापासून ऑफिसपर्यंत जणू एक झाकलेला रस्ता. सकाळी तो जोडायचा, पडद्यावर हिरवं कुलूप दिसलं की कामाला लागायचं. सव्वा वर्ष हे सुरळीत चाललं होतं.

मग एका मंगळवारी कुलूप हिरवं झालं, डॉक्टरांच्या आवाजांची यादीही दिसली, पण एकही आवाज उघडेना. दाबलं की गोल चक्र फिरत बसायचं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दुपारी एक अगदी छोटा, चार वाक्यांचा आवाज कसाबसा उघडला आणि पुढचा पुन्हा अडकला.

ऑफिसच्या मदत विभागाला तिने फोन केला. पलीकडच्या मुलीने सांगितलं, “कॉम्प्युटर बंद करून चालू करा.” केला. फरक नाही. दोन दिवसांनी दुसरा एकजण म्हणाला, “मॅडम, तुमच्या घरचं नेट स्लो आहे. आमच्याकडून सगळं ओके आहे.” थोरलीने नेटचा वेग मोजून दाखवला, तो पहिल्यापेक्षा दुप्पट निघाला. तो म्हणाला, “मग नेटवाल्यांशी बोला.” नेटवाले म्हणाले, “लाइन उत्तम आहे, ऑफिसवाल्यांशी बोला.” दोन्ही वेळा तिच्या तक्रारीवर ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून ती बंद झाली. निराकरण झालं होतं ते तक्रारीचं. अडचण होती तिथेच होती.

तीन आठवडे असे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीत, फोन जाळीला टेकवून धरला तर फोनच्या नेटवर एखादा आवाज उघडायचा. तशी ती ओट्यापाशी उभी राहून दिवसाला पाच-सहा रिपोर्ट करायची. आधी पंचवीस करायची. तिचं राहिलेलं काम इतरांवर जाऊ लागलं. गुरुवारी पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. त्या वाईट नव्हत्या. पण म्हणाल्या, “हे बघ, मी किती दिवस सांभाळून घेऊ? रुग्ण रिपोर्टसाठी थांबलेत. सोमवारपासून तू ऑफिसात ये. नाहीतर मला तुझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.”

ऑफिस जाऊन-येऊन तीन तासांचं. आप्पांना अर्ध्या तासापेक्षा जास्त एकटं ठेवता येत नव्हतं. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई अधूनमधून तास-दीड तास बसायची, पण तिला रोज दहा तास कसं बसवणार? तिचंही शिलाईमशीन होतं, तिचीही गिऱ्हाइकं होती. थोरलीने रात्रभर हिशेब मांडून पाहिला आणि तो कुठूनच जुळेना.

शुक्रवारी दुपारी तिने मदत विभागाला तिसऱ्यांदा फोन लावला. आशेने नाही, सोमवारी ‘सगळं करून पाहिलं’ असं म्हणता यावं म्हणून.

ज्याने फोन उचलला त्याचा आवाज थोडा घोगरा होता आणि बोलणं संथ. नाव-नंबर विचारून झाल्यावर तो म्हणाला, “तुमच्या दोन जुन्या तक्रारी माझ्यासमोर आहेत. पण त्या मी वाचत नाही. तुम्हीच सांगा. काय होतं आणि काय होत नाही, एवढंच. कुणी काय म्हणालं ते सोडून द्या.”

थोरलीने सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावरही तो काही क्षण गप्पच होता, तेव्हा तिला वाटलं फोन कट झाला.

“आहे मी,” तो म्हणाला. “लिहून घेतोय. यादी येते, छोटं येतं, मोठं अडकतं. आणि फोनच्या नेटवर सगळं येतं. बरोबर?”

“बरोबर. पण फोनचं नेट खिडकीतच मिळतं.”

“चालेल. म्हणजे तुमचा कॉम्प्युटर धड आहे आणि आमचं ऑफिसही धड आहे. गडबड तुमच्या घरात आहे किंवा घराबाहेर पडणाऱ्या लाइनवर. पण स्लो नाही, हे तुम्ही म्हणताय ते खरं आहे.”

तीन आठवड्यांत तिचं म्हणणं खरं आहे असं कुणी पहिल्यांदाच म्हटलं. तिने नुसतं “हं” केलं.

“घरात नवीन काही आलंय? काही बदललंय?”

“काहीच नाही हो. सव्वा वर्ष जसं होतं तसंच आहे.”

एवढ्यात आतून आप्पांचा आवाज आला. “पांढरा,” ते म्हणाले. मग जोरात, “पांढरा, पांढरा.”

“एक मिनिट हं,” थोरली फोनवर म्हणाली आणि मान वळवून म्हणाली, “आप्पा, येते, दोनच मिनिटं.”

“कोण आहे?” त्याने विचारलं.

“माझे वडील. झटका आल्यापासून शब्द चुकतात त्यांचे. हल्ली एकच लावलंय, पांढरा-पांढरा. दूध दिलं, नको. पांढरी चादर काढली, सदरा बदलला, तरी तेच. व्यायाम शिकवायला येतात त्या बाई म्हणाल्या, असं होतं, एखाद्या शब्दात माणूस अडकून बसतो.”

“हल्ली म्हणजे कधीपासून?”

थोरलीने आठवून पाहिलं. “झाले की दोन-तीन आठवडे.”

मग तो म्हणाला, “मॅडम, तुमच्या नेटचा डबा, राउटर, कुठे ठेवलाय?”

“वडिलांच्याच खोलीत. कपाटावर.”

“तुम्ही शेवटचा कधी पाहिला होता?”

तिने मान वळवून आतल्या खोलीत पाहिलं. कपाटावर आप्पांच्या जुन्या आराखड्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या. त्यांच्या मागे डबा. उभ्या माणसाला गुंडाळ्याच दिसायच्या. आणि जे बिनबोभाट चालतं त्याच्याकडे कोण बघतं?

“तुम्ही वडिलांना विचारून या,” तो म्हणाला. “मी थांबतो. घाई करू नका.”

ती आत गेली. आप्पा खाटेवर अर्धवट उठून बसले होते, चेहरा लाल झालेला. तिला बघताच त्यांनी डावा हात कपाटाकडे केला, मग हवेत काहीतरी रेघोट्या मारल्या. थोरलीने गोळ्यांच्या पाकिटाची कोरी बाजू आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली. डाव्या हाताची रेघ थरथरत होती, पण काढणारा ड्राफ्ट्समन होता. त्यांनी एक चौकोन काढला. त्याच्यावर दोन काड्या. त्या चौकोनावर फुली मारली. शेजारी दुसरा चौकोन काढला, मोठा, त्याच्यावर चार काड्या. पेन्सिलीने त्याच्यावर टकटक केलं आणि तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, “पांढरा.”

थोरलीने स्टूल ओढलं, गुंडाळ्या बाजूला सारल्या. काळा, अँटेनाच्या दोन काड्यांचा डबा तिथे नव्हताच. एक पांढराशुभ्र, चार काड्यांचा, नवाकोरा डबा हिरवे दिवे मिचकावत बसला होता.

खाली उतरून तिने खिडकीतून शिंपीणबाईला हाक मारली. बाई सुया टोचलेली उशी मनगटावर तशीच ठेवून जिना चढून आली.

“अगं, तो होय,” ती म्हणाली. “तू औषधं आणायला गेली होतीस तेव्हा आलेला नेटचा माणूस. म्हणाला, जुना डबा बदलून देतोय सगळ्यांना, फुकट आहे, नाव-पासवर्ड तोच ठेवतो, काही करावं लागणार नाही. मी म्हटलं, डबाच तर आहे, बदल बाबा. सांगायचं राहून गेलं बघ. आप्पांच्या समोरच बदलला की त्याने.”

आप्पांनी दोन वेळा मान हलवली, शाळेतल्या मास्तरांनी उशिरा आलेल्या बरोबर उत्तराला हलवावी तशी.

थोरलीने फोन उचलला. “डबा बदललाय. तीन आठवड्यांपूर्वी. मला माहीतच नव्हतं. वडिलांना माहीत होतं.”

“मग आज खरं काम त्यांनी केलं,” तो म्हणाला. “आता आपलं उरलेलं करू. टाइप करू शकाल ना मी सांगतो ते?”

“तेवढंच तर येतं मला.”

त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडलेल्या काळ्या खिडकीत टाइप करायचा एक हुकूम अक्षर-अक्षर सांगितला. थोरलीने तो एका दमात, न चुकता टाकला. दुसरा सांगितला, तोही. तो म्हणाला, “मॅडम, वीस वर्षांत फोनवरून सांगितलेलं पहिल्या झटक्यात कुणी बरोबर टाकलेलं मला आठवत नाही.” ती पहिल्यांदा हसली.

आता काय करतोय ते त्याने सांगितलं. नेटवरून माहिती एकसंध जात नाही, गठ्ठे बांधून जाते. ती झाकलेल्या रस्त्याने न्यायची म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यावर आणखी एक वेष्टण चढतं, तो फुगतो. जुन्या डब्यातून तेवढा गठ्ठा सुटत होता. नव्या डब्याचं तोंड बोटभर लहान दिसतंय. “आणि वाईट म्हणजे, गठ्ठा अडकला हे तो कुणाला सांगत नाही. गिळून गप्प बसतो. म्हणून आम्हाला इकडे सगळं ओके दिसतं. यादी छोटी, ती निघते. डॉक्टरांचा आवाज मोठा, तो अडकतो. आता किती मोठा गठ्ठा निघतो ते मोजू.”

मग ते मोजत बसले. त्याने आकडा सांगायचा, तिने टाकायचा, उत्तर येतं की नाही ते बघायचं. चौदाशे बहात्तर. उत्तर नाही. चौदाशे. नाही. तेराशे. उत्तर आलं. “वर जा. साडेतेराशे.” नाही. “तेराशे तीस.” नाही. “तेराशे वीस.” आलं. शिंपीणबाई दाराला टेकून उभी होती, तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उत्तर आलं की ती “आलं” म्हणायची आणि आतून आप्पा डाव्या हाताने खाटेची कड वाजवायचे.

“सापडलं,” तो म्हणाला. “तुमचा डबा बदलायला लावण्यात आठवडा जाईल. त्यापेक्षा आपणच गठ्ठे लहान बांधू. मी एका दिवसापुरता पासवर्ड देतो. थोडं हातचं राखून मी सांगतो तिथे तेराशे लिहा, मग व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा.”

तिने लिहिलं. तोडलं, जोडलं. कुलूप हिरवं झालं, ते तर रोजच व्हायचं. यादी आली. तिने सगळ्यात लांबलचक, अठरा मिनिटांचा आवाज निवडला आणि दाबला.

चक्र अर्धं फिरलं. हेडफोन टेबलावर पडलेले होते, त्यांतून बारीक पण स्पष्ट ऐकू आलं, डॉक्टरीणबाईंच्या ठसक्यात: “रुग्ण स्त्री, वय बावन्न. चालताना धाप लागते. आणि ते दार लावून घ्या हो कुणीतरी.”

थोरली खुर्चीत मागे टेकली. 

“आलं?” त्याने विचारलं.

“आलं,” शिंपीणबाई दारातून म्हणाली.

“आता लगेच ठेवू नका,” तो म्हणाला. “आणखी तीन उघडा. अर्धा तास काम करा. मी लाइनवर आहे. तक्रार मी अजून बंद केलेली नाही. सोमवारी दुपारी फोन करीन, मंगळवारी करीन, मग करीन बंद.”

तो सोमवारी खरंच फोन करील असं तिला वाटलं नव्हतं. त्याने केला. आणि थोरली तेव्हा आपल्याच टेबलापाशी बसलेली होती. पर्यवेक्षक बाईंना तिने शुक्रवारीच रात्रीपर्यंत अकरा रिपोर्ट पाठवले होते, काय बिघडलं होतं तेही कळवलं होतं, आणि बाईंचं दोन ओळींचं उत्तर आलं होतं: “नेट स्लो नव्हतं तर. मी तुझं ऐकायला हवं होतं. घरूनच कर.”

सोमवारच्या फोनवर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. शनिवारी त्याने जुन्या बंद केलेल्या तक्रारी चाळल्या. त्याच नेटकंपनीचा तोच पांढरा डबा आलेले आणखी नऊजण निघाले. सगळ्यांना ‘नेट स्लो’ सांगून वाटेला लावलेलं. त्यांतला एकजण तर बायको बाळंत झालेली असताना रोज ऑफिसात येऊन बसत होता. त्या सगळ्यांचे गठ्ठे त्याने लहान केले होते आणि आता ऑफिसच्या बाजूनेच कायमचा बदल होणार होता. “तुमच्या वडिलांनी दहा घरं चालू केली,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर थोरली आप्पांच्या खाटेपाशी जाऊन बसली. “आप्पा, तीन आठवडे तुम्ही सांगत होतात. मी दूध काय आणलं, चादर काय बदलली. दिवसभर परक्या माणसांचं अर्धवट बोलणं ऐकून जुळवते मी. घरातलं मात्र मला जुळवता आलं नाही.” आप्पांनी तिचा हात डाव्या हातात घेतला आणि दुसरीकडेच बघत राहिले. मग हळूच हसले आणि म्हणाले, “खिडकी.” तिने पाणी आणून दिलं.

बुधवारी तिने त्या माणसाचे आभार मानायला म्हणून मदत विभागाला फोन लावला. नाव तिला धड ठाऊक नव्हतं. कुणीतरी तरुण आवाज होता. तिने वर्णन सांगितल्यावर तो हसला. “घोगरा, सावकाश बोलणारे? म्हणजे आमचं कासव. आम्ही दिवसाला वीस-पंचवीस तक्रारी बंद करतो, त्यांच्या सात होतात. मीटिंगमध्ये रोज बोलणी खातात बिचारे.”

“त्यांच्या सातांपैकी किती परत येतात?” थोरलीने विचारलं.

तरुण आवाज जरा वेगळ्या सुरात म्हणाला, “एकही नाही. थांबा, देतो त्यांना.”

कासव फोनवर आलं. थोरलीने जे घोकून ठेवलं होतं ते सगळं ती विसरली आणि नुसतं म्हणाली, “तुम्ही माझी नोकरी वाचवलीत. तुमच्या साहेबांना मी पत्र लिहिलंय. सविस्तर. तीन पानी.”

“तीन पानं कुणी वाचत नाही हो ताई,” तो म्हणाला. मॅडमची ताई कधी झाली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. “पण लिहिलंत, बरं वाटलं. माझी आई शेवटची दोन वर्षं अशीच शब्द शोधायची. घाई केली की तिला काहीच सापडायचं नाही. थांबलं की सापडायचं, कधीकधी.”

आतून आप्पांनी खाटेची कड वाजवली. थोरलीने वळून पाहिलं. ते हात पुढे करून फोन मागत होते. झटका आल्यापासून त्यांनी कुणाशीच फोनवर बोलायचं नाव काढलं नव्हतं. धाकटीचा फोन आला तरी मान फिरवायचे.

“आप्पांना बोलायचंय तुमच्याशी,” ती म्हणाली. “वेळ लागेल. तुमच्या सातांतला एक कमी होईल.”

“द्या,” तो म्हणाला.

तिने फोन आप्पांच्या कानाशी धरला. आप्पांनी तोंड उघडलं, मिटलं. ओठ जुळवले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि पलीकडून कुणी “हॅलो, हॅलो” करत नव्हतं. एकदा नुसतं “आहे मी” ऐकू आलं. दीड मिनिट गेलं असेल. आप्पांच्या कपाळावर घाम आला. थोरली शब्द सुचवायला गेली, तर त्यांनी डाव्या हाताने तिला गप्प केलं.

शेवटी शब्द आला. तो त्यांना हवा होता तोच होता का, ते कुणाला ठाऊक. पण आयुष्यभर दारात आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी पहिल्यांदा तोच म्हटला होता.

“बसा,” आप्पा म्हणाले. “बसा, बसा.”

“बसलोय, आप्पा,” पलीकडून आवाज आला. “निवांत बसलोय. बोला तुम्ही.”